तीन बाजार चुकले की

१ जानेवारी २०२६, गुरुवार
सावंगी (मेघे)

ही डायरी कोणी विकत घेतली नसती. एका कोपऱ्याला उंदीर लागला आहे आणि एकतीस डिसेंबरचं पान अर्धंच आहे. भैय्याजी म्हणाले, "गिऱ्हाइकाले काय दाखवशीन हे? तूच वापर." म्हणून वापरतो. वर्षाचा शेवट उंदरानं खाल्ला असला तरी सुरुवात कोरी आहे.

दुकान सुरू होऊन पंधरा दिवस झाले. समोर मेडिकल कॉलेजचा रस्ता, शेजारी चहाची टपरी, मध्ये आमचा भाड्याचा गाळा. दुकानाचे मालक भैय्याजी. चौतीस वर्षं गावोगावच्या आठवडी बाजारात पाट्या, वह्या, पेनं विकली. आता गुडघे बोलतात म्हणून एका जागी बसायचं ठरवलं. मी सोबत, कारण मला इंग्रजी येतं असा त्यांचा समज आहे. कॉलेज सोडून अडीच वर्षं झाली हे त्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या मते इंग्रजी म्हणजे सायकल, एकदा आली की जात नाही.

आज प्रेमदास पेंटर पाटी रंगवायला आला. इंग्रजीत 'स्टेशनरी' लिहिता लिहिता शेवटून तिसऱ्या अक्षरापाशी थांबला. "भाऊ, इथं ए घालू का ई? मी दोन्ही घालतो. गिऱ्हाईक म्हणन तसं."

मला येत होतं. आचलनं शिकवलं होतं, अकरावीत, बसमध्ये. पण तोंडातून निघेना. चुकलो असतो तर समोरचे सगळे मेडिकलचे पोट्टे रोज वर पाहून हसले असते.

म्हटलं, "सध्या रिकामं ठेव."

आता पाटी पडलेल्या दातासारखी दिसते.

३ जानेवारी, शनिवार

काल लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कागद फाटला असता.

काल सकाळी मी वर्ध्याहून माल घेऊन आलो तर शटर खाली. फोन लागेना. पायरीवर दहा-बारा पोरंपोरी उभी. आज त्यांचं जर्नल तपासणार होते, त्यांना कोऱ्या फायली पाहिजे होत्या. किल्ली भैय्याजींजवळ. सगळी गेली पलीकडच्या दुकानात. दिवस मावळताना भैय्याजी लुनावर आले, मागं पत्र्याची पेटी बांधलेली, चेहरा एकदम प्रसन्न.

"भैय्याजी, हे दुकान आहे का जत्रा? मांडली अन् उठवली!"

"तिसरा बाजार होता बाबू."

"मंग?"

"मंग काय. तीन बाजार चुकले की जागा गेली."

मग समजलं. अल्लीपूरच्या बाजारात निंबाखाली त्यांची जागा आहे. तिथं एक दगड आहे, बस. कागद नाही, पावती नाही. पण ज्याचा दगड त्याची जागा, हे सगळा बाजार मानतो. दोन बाजार माणूस आला नाही तर शेजारी जागा सोडून बसतात. तिसऱ्यालाही आला नाही तर समजतात की हा आता येत नाही. मग दगड सरकवतात. आणि नुसतं तोंड दाखवून चालत नाही. बाजार उठेपर्यंत बसावं लागतं.

"पण आता तुमच्याजवळ गाळा आहे न!"

"गाळ्याले मालक आहे लेका. त्या जागेले मीच हावो."

मी म्हटलं, मूर्खपणा आहे. जोरात म्हटलं. टपरीवरचे लोक पाहायला लागले. भैय्याजी पेटीतला माल काढून फळीवर लावत होते. रोज संध्याकाळी सगळा माल पेटीत भरतात आणि सकाळी परत काढतात. चौतीस वर्षांची सवय. माल रात्री एकटा ठेवला तर रुसतो म्हणतात.

अल्लीपूर माझं गाव. दोन दिवाळ्या झाल्या, मी गेलो नाही.

६ जानेवारी, मंगळवार

रंगीत पेन्सिलींची भानगड लिहून ठेवतो, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला काचेवरच्या पेशी-बिशी पाहून चित्रं काढावी लागतात आणि त्या चित्रांना दोनच रंग लागतात, गुलाबी आणि जांभळा. बाकी वर्षांना लागतच नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षाची पोरं डबे फोडून फक्त गुलाबी आणि जांभळी मागतात. हिरव्या, पिवळ्या, निळ्या आमच्याकडं पडून. भैय्याजी त्या बाजारात नेतात. "तिकडच्या पोरायचे झाडं हिरवेच राह्यते," म्हणाले.

दुपारी आचल आली. एक गुलाबी पेन्सिल घेतली.

ती फिजिओथेरपीला आहे, इंटर्नशिपचे सहा महिने संपत आलेले. पांढरा कोट, केस वर बांधलेले. मी म्हटलं, "परवाच त नेली." म्हणाली, "टोक तुटलं." चौथी पेन्सिल आहे ही तिची. लिहिताना दाबून धरते, शाळेपासूनची सवय. किंवा एखाद्या ज्युनिअरसाठी नेत असेल. तिचा स्वभाव तसाच आहे, सगळ्यांची कामं करायची.

ती गेल्यावर भैय्याजी रस्त्याकडं पाहत म्हणाले, "ह्या पोरीचं कॉलेज लय रंगीत दिसते."

मी म्हटलं, तुम्ही तुमचं पाहा.

७ जानेवारी

पाटीवरची जागा अजून रिकामीच. आज एकानं विचारलं, तुमचं दुकान नवं आहे का जुनं? काय सांगावं.

११ जानेवारी, रविवार

रद्दीत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आला. प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात त्याचं मूळ दिलेलं. कव्हर नाही, पण पोट शाबूत आहे. भैय्याजी तोलायला निघाले होते, मी हिसकून घेतला.

अकरावीत मी आणि आचल अल्लीपूरहून हिंगणघाटला एकाच बसनं जायचो. कंडक्टरच्या मागची सीट. तिच्याजवळ लांबट वही होती, मध्ये पेनानं उभी रेघ मारलेली. दिसायला भाऊ-भाऊ वाटणारे इंग्रजी शब्द ती जोडीनं लिहायची. अर्थ तिनं लिहायचे, शब्द आला कुठून ते मी शोधायचं. कॉलेजच्या लायब्ररीत मधली सुट्टी त्यातच जायची. मला भूक लागायची नाही. मग लॉकडाऊन लागलं. बस बंद, कॉलेज बंद. गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. संध्याकाळी मी चढून बसायचो आणि तिचा मेसेज यायचा. दोन शब्द, बाकी काही नाही. कशी आहेस, कसा आहेस, असलं काही नाही. दोन शब्द. तेवढ्यावर माझा पुढचा दिवस निघायचा. तसं वर्ष पुन्हा आलं तर मी आजार सोडून बाकी सगळं परत घ्यायला तयार आहे.

शेवटच्या पानावरची जोडी हीच होती. स्टेशनरी आणि स्टेशनरी. ई-वाली म्हणजे कागद, पेन, पाकिटं. "एनव्हलपचा ई, ध्यानात ठेव," असं ती म्हणायची. ए-वाली म्हणजे जागचं न हललेलं, उभं. रेघेच्या पलीकडं माझी बाजू कोरी राहिली. मी म्हटलं होतं, उद्या सांगतो.

आज सापडलं. सहा वर्षांनी.

दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. लॅटिनमध्ये उभं राहण्याचा, ठिकाणाचा एक शब्द आहे. आपलं 'स्थान' आणि 'ठाणं' त्याच्याच लांबच्या नात्यातलं. ए-वाला सरळ तिथूनच आला, जो आपल्या ठिकाणी आहे तो. पण ई-वाल्याची गोष्ट मजेची आहे. जुन्या काळी युरोपात बहुतेक विकणारे फिरस्ते असत. पेटी पाठीवर, आज ह्या बाजारात, उद्या त्या जत्रेत. पण विद्यापीठाजवळ पुस्तकं विकणारे काही लोक एकाच जागी दुकान मांडून बसले. फिरणाऱ्यांत हे बसणारे, म्हणून त्यांना नावच पडलं, स्टेशनर. आणि ते जे विकत, ती स्टेशनरी.

मी वाचून दाखवलं. भैय्याजींनी मला दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजे मी चौतीस वर्षं जे इकलं ते स्टेशनरी नोयतं?"

"होतं. पण तुम्ही स्टेशनर नोयते."

"अन् आता?"

"आता हाव. समोर विद्यापीठ, इथं तुम्ही."

भैय्याजींनी समोर कॉलेजकडं पाहिलं. मग म्हणाले, "त्या लोकायनं आपली बाजारातली जागा सोडली असन का रे?"

कोशात ते दिलेलं नाही.

प्रेमदासला बोलावून ई घालून घेतला. आचलला हे सांगायचं आहे. फोनवर नाही, समोर.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

मी गाढव आहे. खाली सविस्तर.

आचल तिळगूळ घेऊन आली. मी विचार केला होता, आधी पाटी दाखवायची, मग जोडीचं सांगायचं, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे ती इथं शिकायला आल्यापासून चार वर्षांत जे सांगितलं नाही ते. पण ती आधी बोलली.

"मले हैदराबादले नोकरी लागली. मोठं हॉस्पिटल आहे. तेवीसले निघतो."

"तेवीस म्हंजे ह्याच महिन्यात?"

"हाव. शुक्रवारी. चारची गाडी आहे सेवाग्रामहून."

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. नेमकं तेव्हाच मला डोक्यात काय शिरलं देव जाणे. म्हटलं, "मंग जा न. कोण अडवून राह्यलं तुले? आम्ही गाळ्यातले लोक, वर्गातून पळालेले. आम्हाले काय विचारतं?"

"मी विचारलं नाई. सांगितलं."

"सांगितलं न? जा मंग."

तिळगूळ काउंटरवर ठेवला आणि गेली. पाटीकडं पाहिलंसुद्धा नाही.

भैय्याजींनी सावकाश तो तिळगूळ खाल्ला. "भांडणातला गोडच लागते," म्हणाले. मी त्यांच्यावरही ओरडलो.

१५ जानेवारी

कॉलेज सोडलं तेव्हाही असंच झालं होतं. सरांनी उभं करून इंग्रजी उतारा वाचायला लावला. मी वाचला आमच्या पद्धतीनं, पोरं हसली. सरांच्या ओठांवरही हसू दिसलं मला. पुस्तक टेबलावर आपटून निघालो. सर गेटपर्यंत मागं आले होते, नाव घेऊन हाका मारत. मी मागं पाहिलं नाही. आणखी रागवायलाच आले असतील, दुसरं काय. त्यांनी मला नाव घेऊन हाक मारली ती तेवढी एकदाच.

१९ जानेवारी, सोमवार

भैय्याजींचा डावा गुडघा कलिंगडासारखा सुजला. सकाळी उठताना खांबाला धरून उभे राहिले. कोणी सांगितलं माहीत नाही, पण दुपारी आचल आली. माझ्याशी एक अक्षर नाही. स्टुलावर बसवून त्यांना पाय सरळ करायला लावला, खाली घडी केलेला टॉवेल ठेवला, दहा मोजायला सांगितलं.

"काका, जमिनीवर बसायचं एकदम बंद. मांडी नाई, उकिडवं नाई. दोन महिने."

"बाजारात त खालीच बसा लागते माय."

"मंग बाजारही बंद. खाली बसले अन् पुन्हा उठताच नाई आलं त मी जबाबदार नाई."

 ती निघाली. दारात थांबून पाटीकडं पाहिलं. "ई बरोबर घातला," म्हणाली. पाटीलाच म्हणाली. मग तशीच पाठमोरी, "शुक्रवारी अडीचपर्यंत होस्टेलवर आहो मी. कोणाले यायचं असन त येजो."

कोणाले म्हणजे? भैय्याजींना तर चालताच येत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

नऊचा बाजार चुकला. सोळाचा चुकला. उद्या तिसरा.

आज संध्याकाळी भैय्याजींनी माल पेटीत भरायला घेतला. स्टुलावर बसून वाकून भरत होते, हाताला येईल तेवढं. पाट्या, पेन्सिली, त्या हिरव्या-पिवळ्या सगळ्या. मला समजलं, पण समजलं नाही असं दाखवलं.

"आदेश."

"मी नाई जात."

"मी अजून काई म्हटलं नाई."

"उद्या आचल चालली भैय्याजी. अडीचपर्यंत आहे. अन् अल्लीपुरात सगळे ओळखते मले. बाप सगळ्या गावाले सांगत फिरे, माहा पोरगा प्रोफेसर होते म्हणून. त्या बाजारात जमिनीवर बसून पाट्या इकू?"

"नोको जाऊ मंग."

असे बोलतात तेव्हा जास्त त्रास होतो. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि झालं असतं.

"जागा गेली त काय होईन?" मी विचारलं.

पेटीचं झाकण लावत म्हणाले, "काई नाई होत. गावात गेलो त लोकं राम राम करतीन. पण मी कोणाच्या बाजूले उभा राहू, ते समजणार नाई मले."

पेटी दाराशी ठेवून आडवे झाले. मी अजून ठरवलेलं नाही. आचलला सांगायचं हे चार वर्षांपासून ठरलेलं आहे. हे बाजाराचं काल-परवाचं आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार
अल्लीपूर

घरी बसून लिहितो आहे. आईनं भाकर वाढून ठेवली आहे, माझं लिहून होईपर्यंत थांबते म्हणते.

सकाळी सातला पेटी लुनावर बांधली. भैय्याजी झोपले नव्हते, पण डोळे मिटून होते. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. एकदा फिरलोही, पुलापर्यंत. मग डोळ्यासमोर ते स्टुलावरून वाकून पेटी भरताना दिसले आणि मलाच माझा राग आला, म्हणून परत वळलो. मी कुठलंही काम रागातच करतो. हेही तसंच केलं.

निंबाखाली दगड होता. शेजारी सीताबाई, टिकल्या-बांगड्यावाली. तिची ताडपत्री दगडाला टेकलेली.

"कोण रे बाबू तू?"

"भैय्याजीचा माणूस."

"अगं बाई! मले वाटलं आज हे जागा माहीच. बांगड्यायचं अख्खं एक टोपलं जास्तीचं आणलं मी." तिनं ताडपत्री ओढून घेतली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू लक्ष्मणरावचा नं? प्रोफेसर?"

"हाव. तोच."

"मंग ओरड न प्रोफेसर. मुक्यानं कोण इकते?"

पहिला तास मी ओरडलोच नाही. ओळखीचे लोक येत, पाहत, पुढं गेल्यावर मागं वळून पाहत. कान तापले होते. मग एक लहान मुलगी हिरवी पेन्सिल पाहून तिथंच बसली. तिच्यामागं दुसरी आली. दुपारपर्यंत मी ओरडत होतो. सीताबाई म्हणाली, आवाज चांगला आहे, फुकट कॉलेजात घातला.

बाबाही आले. समोर उभे राहिले. पेटीसोबत आणलेली भैय्याजींची छत्री कलली होती आणि माझ्या तोंडावर ऊन होतं. त्यांनी दांडा दगडाशी नीट रोवला, सावली माझ्यावर आली, आणि भाजीच्या ओळीकडं निघून गेले.

अडीच वाजले. मी घड्याळाकडं पाहणं सोडून दिलं होतं. पावणेतीनला फोन वाजला.

"कुठं आहेस?"

"अल्लीपूरले. बाजारात."

"आज?"

"आज तिसरा होता. भैय्याजी बसू शकत नाई. तूच म्हटलं."

 मागं ऑटो सुरू असल्याचं ऐकू येत होतं. "मी त्यायले म्हटलं होतं आदेश. तुले नाई."

"माहीत आहे."

"मी अडीचपर्यंत म्हटलं अन् पावणेतीनपर्यंत थांबली." फोन कट झाला. तिनं केला की रेंज गेली, ते माहीत नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. एका बाईला पाटीऐवजी वही दिली. तिनं परत आणून दिली. सीताबाईनं मला पाणी दिलं. उठून जावं, सेवाग्राम गाठावं, असं तीन वेळा वाटलं. लुना काही गाडी गाठणारी नाही, पण मन हिशेब करत नाही. बसून राहिलो.

साडेचारला पुन्हा फोन.

"हिंगणघाट आलं. तू बसला तिथून जवळच आहे हे."

 सगळं तोंडात एकदम आलं. म्हणून जे आधी तयार होतं तेच बोललो. ए-वाला, ई-वाला, लॅटिन, पेट्या घेऊन फिरणारे, विद्यापीठाशी बसणारे. बाजाराच्या गोंगाटात ओरडून सांगितलं. सीताबाईचं गिऱ्हाईक थांबून ऐकायला लागलं. आचलनं शेवटपर्यंत ऐकलं.

"सहा वर्षं लागले तुले," ती म्हणाली.

"अजून एक राह्यलं. सावंगीत मी गाळ्यासाठी नाई आलो. तुह्यासाठी आलो."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तू सोडून सगळ्यायले माहीत आहे."

"मंग तू चालली काऊन?"

"मी चालली म्हणून सांगायले आलती, त तू म्हटलं जा."

"थांब म्हटलं असतं त थांबली असती?"

"नाई."

"मंग?"

"पण म्हणायचं न बे!"

आता ती रडत होती, हे मला नक्की समजलं. एवढ्यात सीताबाई मोठ्यानं म्हणाली, "म्हण न आता, गाडी काय उभी राह्यते काय?" आणि मी म्हटलं. थांब म्हटलं. त्या बाजारात, सगळ्यांसमोर, चालत्या गाडीतल्या माणसाला.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग हसू. मग ती इकडचं-तिकडचं विचारत राहिली. कोणत्या पेन्सिली खपल्या, बाबा बोलले का, आई कशी आहे. मधूनच म्हणाली, "उद्या काय करशीन?"

"सावंगीले जाईन. गाळा उघडीन."

"अन् परवा?"

"परवाही."

"मी नसली तरी?"

 खोटं बोलायचं नव्हतं. सकाळपासून जमिनीवर बसून पाय मुंग्यांनी भरले होते, घसा बसला होता, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

"हाव," मी म्हटलं. "तू नसली तरी."

मला वाटलं तिला राग येईल.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. "होळीले येईन मी. तुले कुठं शोधायचं ते समजलं."

वरोऱ्याच्या पुढं कुठंतरी रेंज गेली. बाजार उठायला अजून अर्धा तास होता. बसलो.